मेलिंग लिस्ट काढायचीय, पण जुने मेल कोणाच्या ताब्यात राहणार?

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयाचे घेतलेत. ई-मेलवरून चर्चा चालवायची, म्हणजे एका पत्त्यावर मेल टाकला की तो सगळ्या मेंबरांना जातो, आणि झालेली चर्चा वेबवर साठत राहते, नंतर शोधता येते (हेच अर्काइव्ह). हे प्रकरण कधीच संपलं असं काहींना वाटतं, पण आलेली पत्रं बघता तसं काही दिसत नाही. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कोणाचंच छापलेलं नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (नाशिक): रानफुलं आणि झाडं ओळखणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, दीडेकशे जण. दर पावसाळ्यात तेच फोटो, तेच प्रश्न. मागच्या वर्षी कोणीतरी एखादी वनस्पती नीट ओळखून दिलेली असते ती सापडतच नाही. मेलिंग लिस्ट काढू म्हटलं तर मुलगा हसतो, म्हणतो बाबा हे आता कोण वापरतं?

उत्तर: मुलाला सांगा की लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याच्यावर त्याचा अँड्रॉइड फोन चालतो, त्यातले बदल आजही मेलिंग लिस्टवरच पाठवले जातात, तिथेच त्यावर भांडणं होतात आणि ते सगळं वेबवर कोणालाही वाचता येतं. आणि तुमच्या विषयातलं उदाहरण हवं तर ई-फ्लोरा ऑफ इंडिया बघा. २००७ मध्ये इंडियन ट्री पिक्स नावाने साधा गूगल ग्रुप म्हणून सुरू झालं, फोटो टाका आणि विचारा हे काय आहे, एवढंच. वर्षानुवर्षं लोक उत्तरं देत राहिले आणि त्या चर्चांमधूनच पुढे प्रजातीवार पानं असलेली मोठी वेबसाइट उभी राहिली. मेल जागेवर होते, प्रत्येकाला सब्जेक्ट होता, तारीख होती, म्हणून हे जमलं.

पण सगळंच मेलवर नेऊ नका. "उद्या सहाला सीबीएसवर भेटा" हे व्हॉट्सॅपवरच ठीक आहे, ते दुसऱ्या दिवशी कोणालाच नको असतं. जे दोन वर्षांनी लागणार आहे ते मेलवर. एकच शिस्त पहिल्या दिवसापासून लावा, सब्जेक्टमध्ये ठिकाण आणि महिना आलाच पाहिजे, आणि ओळख पटली की उत्तर देणाऱ्याने शास्त्रीय नाव मजकुरात लिहायचं. "हे काय आहे?" अशा सब्जेक्टचे तीनशे मेल साठले तर व्हॉट्सॅपच काय वाईट होतं.

प्रश्न (ठाणे): आमची वाचकांची चळवळ आहे, पैसे नाहीत. गूगल ग्रुप फुकट मिळतो तर स्वतःचं डोमेन, सर्व्हर वगैरे नादाला कशाला लागायचं?

उत्तर: सुरुवातीला लागूच नका. शंभर-दोनशे लोक असतील आणि तुमच्यात सर्व्हर सांभाळणारं कोणी नसेल तर गूगल ग्रुप काढून मोकळे व्हा, मेल पोचवायची कटकट त्यांची. फक्त याहू ग्रुप्सचं काय झालं ते आधी वाचा, कारण ते ज्याला माहिती आहे तो फुकटची सेवा वेगळ्या पद्धतीने वापरतो.

गोष्ट अशी. नव्वदीच्या शेवटी वनलिस्ट आणि ई-ग्रुप्स अशा दोन कंपन्या होत्या, त्या एक झाल्या, २००० मध्ये याहूने त्या विकत घेतल्या आणि त्याचंच याहू ग्रुप्स झालं. जगभरातल्या किती शाळांच्या बॅच, किती मराठी मंडळं, पक्षीवाले, नाटकवाले, सगळ्यांचं बस्तान तिथे. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता नवीन काही अपलोड करता येणार नाही आणि साठलेलं सगळं डिसेंबरमध्ये पुसणार. म्हणजे दोन महिन्यांची सुद्धा धड नोटीस नाही! आरडाओरडा झाल्यावर डेटा मागायची मुदत जानेवारी २०२० च्या शेवटापर्यंत वाढवली, आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उतरवून घ्यायचा प्रयत्न केला तर मधेच त्यांची बरीच खाती ब्लॉक झाली, आणि १५ डिसेंबर २०२० ला ग्रुप पूर्ण बंद. ज्या ग्रुपचा मालक जागा होता त्याचं वाचलं. बाकीच्यांचं गेलं, आणि बहुतेक ग्रुपांच्या मालकांना तोवर याहूचा पासवर्ड विसरून दहा वर्षं झालेली होती.

तर गूगल ग्रुप घ्या, पण तीन गोष्टी करा. एकापेक्षा जास्त ओनर ठेवा, निदान तिघं, आणि त्यातला एक तरी तिशीच्या आतला. दर तीन महिन्यांनी ओनरने गूगल टेकआउटमधून, म्हणजे गूगलवरचा आपला डेटा उतरवायच्या सोयीतून, ग्रुप उतरवून घ्यायचा, तो एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये येतो, म्हणजे सगळे मेल एकाखाली एक लावलेली साधी टेक्स्ट फाइल. ती दोन ठिकाणी ठेवायची. ही एमबॉक्स तुमच्याकडे असली की ग्रुप कुठेही हलवता येतो, आणि ती नसली तर तुम्ही त्या घरात भाडेकरू आहात, करारसुद्धा न केलेले. तिसरं म्हणजे आपलं एक छोटं डोमेन घेऊन ठेवा, वर्षाला फार खर्च नाही, आणि सगळीकडे पत्ता द्याल तो त्या डोमेनवरच्या पानाचा, तिथून पुढे ग्रुपची लिंक. उद्या गूगल नको झालं तर छापील पत्रकांवरचा पत्ता बदलावा लागत नाही.

ग्रुप्स.आयओ हाही पर्याय आहे. ज्याने वनलिस्ट काढली होती त्याच मार्क फ्लेचरने ते २०१४ मध्ये सुरू केलं आणि याहू ग्रुप्स बुडाल्यावर बरेच जण तिकडेच गेले. चर्चेची सोय गूगलपेक्षा उजवी आहे असं माझं मत. फुकटात मर्यादा आहेत, आजच्या अटी आणि दर बघून ठरवा.

प्रश्न (कोल्हापूर): मी स्वतः लिनक्स बऱ्यापैकी जाणतो. स्वतःच्या सर्व्हरवर लिस्ट आणि वेब अर्काइव्ह बसवायचं आहे. घरी जुना डेस्कटॉप आणि फायबरचं चांगलं कनेक्शन आहे, त्यावर चालेल का? कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

उत्तर: घरच्या डेस्कटॉपवर नाही. वेबसाइट चालेल, मेल नाही. घरगुती कनेक्शनचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बदलत राहतो, पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर पाठवायचं दार, बहुतेक वेळा बंद असतं, आणि स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउसची पीबीएल म्हणून एक यादी आहे तिच्यात घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे आधीच नोंदलेले असतात, म्हणजे तुम्ही काही केलं नसलं तरी समोरचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर, घ्या, दोन जीबी रॅमचा पुरेल, पण पैसे भरायच्या आधी कंपनीला दोन प्रश्न विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून देता का, आणि आयपीचं रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) मला सेट करता येतं का. बऱ्याच मोठ्या क्लाउड कंपन्या २५ बंदच ठेवतात, काही ठिकाणी विनंती केली तर उघडतात, काही ठिकाणी नाहीच. ही चौकशी न करता सर्व्हर घेतला की सगळं मस्त बसतं, वेबपान दिसतं, फक्त मेल जात नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर मेलमॅन थ्री. जुनं मेलमॅन टू अजून कितीतरी शेअर्ड होस्टिंगवर सीपॅनलमध्ये एका बटनावर मिळतं, पण ते पायथन टू या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर चालतं आणि त्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपलाय. शिवाय मेलमॅन टू मेंबरांचे पासवर्ड जसेच्या तसे साठवायचं आणि दर महिन्याच्या एक तारखेला मेलने आठवण करून द्यायचं, आता हे वाचूनच अंगावर काटा येतो. मेलमॅन थ्री २०१५ मध्ये आलं आणि त्याचे तुकडे वेगवेगळे आहेत. कोअर म्हणजे मेल घेणारा आणि वाटणारा, पोस्टोरियस म्हणजे सेटिंगचं वेबपान, आणि हायपरकिट्टी म्हणजे अर्काइव्ह. पहिल्यांदा बसवताना एवढ्या भागांमुळे वैताग येतो, खोटं कशाला सांगू. डॉकरची, म्हणजे सगळे भाग एकत्र बांधलेली, तयार इमेज मिळते ती वापरा, नाहीतर डेबियन लिनक्सचं पॅकेज, पण दोन्हीची खिचडी करू नका. पुढे मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, त्याच्यामागे डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस. विकिमीडियाने त्यांच्या सगळ्या लिस्ट २०२१ मध्ये टू वरून थ्री वर नेल्या, म्हणजे मोठ्या पसाऱ्याला झेपतं हे सिद्ध झालेलं आहे.

लिस्टसाठी वेगळं सबडोमेन ठेवा. मुख्य डोमेनवर संस्थेचा पत्रव्यवहार असतो, लिस्टमुळे नाव खराब झालं तर तो अडकायला नको. मग एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात), डीकिम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं) या तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, टाका. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने यात कडक नियम केलेत. दिवसाला पाच हजारांहून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्याला या तिन्ही गोष्टी लागतातच, आणि पाच हजार म्हणजे फार वाटतात पण लिस्टचा हिशोब वेगळा असतो, पाचशे जीमेलवाले मेंबर आणि दिवसाला दहा मेल, झाले पाच हजार. एका निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी तुमची लिस्ट तिथे पोचेल.

आणि मेंबर जुन्या ग्रुपमधून उचलून एकदम टाकू नका. आमंत्रण पाठवा, येतील ते येतील. ज्याने मागितलं नाही त्याला मेल गेला की तो लिस्ट सोडत बसत नाही, सरळ स्पॅम म्हणून दाबतो, आणि अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा असं गूगलचं म्हणणं आहे. हजार मेलमागे तीन जण. नव्या सर्व्हरच्या पहिल्या आठवड्यात हे फारच महागात जातं.

प्रश्न (पुणे): आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची लिस्ट मेलमॅनवर आहे, बरीच जुनी. मधूनमधून खूप जीमेलवाल्यांची मेंबरशिप आपोआप बंद पडते. बारकाईने बघितलं तर आमचे एक निवृत्त सर आहेत, याहूचा पत्ता वापरतात, ते आठवडाभर रोज काहीतरी पाठवायला लागले की हे होतं. काही जण म्हणतात सरांनाच लिस्टवरून काढा. हे कसं सांगायचं त्यांना?

उत्तर: सरांना काही सांगू नका हो, त्यांचा यात काडीचा दोष नाही. आलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सर मेल पाठवतात तेव्हा याहू त्यावर डीकिमची सही करतं. ही सही मजकुरावरून काढलेली असते. आता तुमची लिस्ट काय करते, सब्जेक्टच्या आधी चौकटी कंसात लिस्टचं नाव लावते आणि खाली "ही लिस्ट सोडायची असेल तर इथे क्लिक करा" असं शेपूट जोडते. मजकूर बदलला, सही मोडली. एसपीएफ कामाला येत नाही कारण मेल आता याहूच्या सर्व्हरवरून न येता तुमच्या सर्व्हरवरून येतोय. म्हणजे जीमेलला असं दिसतं की फ्रॉममध्ये याहूचा पत्ता आहे पण याहूने पाठवल्याचा एकही पुरावा नाही. आणि याहूने एप्रिल २०१४ पासून जाहीर सांगून ठेवलंय की आमच्या नावाने असा मेल आला तर घेऊ नका, फेकून द्या. पाठोपाठ एओएलने तेच केलं. दोघांकडे तेव्हा पत्त्यांची चोरी करून स्पॅम पाठवायचे प्रकार वाढले होते, त्यांचं कारण खरं होतं, पण त्या महिन्यात जगभरातल्या मेलिंग लिस्ट एका रात्रीत आजारी पडल्या.

पुढचा भाग मजेशीर आहे. जीमेल तो मेल नाकारतं, तो नकार तुमच्या लिस्टकडे परत येतो, आणि लिस्टला वाटतं की ज्याला मेल पाठवला त्याचाच पत्ता बिघडलाय. म्हणून ती त्या मेंबरच्या नावावर एक बाउन्स लिहून ठेवते. दिवसाला जास्तीत जास्त एक, आणि ठरलेली हद्द पाच. सर सोमवार ते शुक्रवार रोज लिहितात, शुक्रवारी हद्द गाठली, आणि बिचाऱ्या जीमेलवाल्यांचं मेल येणं बंद. मेल पाठवणारा एक, नाकारणारा दुसरा आणि शिक्षा तिसऱ्याला!

उपाय दोन. सोपा म्हणजे फ्रॉम बदलणे. मेलमॅन थ्रीमध्ये लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्क मिटिगेशन म्हणून पान आहे, तिथे फ्रॉमच्या जागी लिस्टचा पत्ता लावायचा पर्याय निवडा. टू असेल तर २.१.१८ किंवा पुढचं पाहिजे, त्यात प्रायव्हसीखाली सेंडर फिल्टरमध्ये डीमार्कसाठी मन्ज फ्रॉम निवडायचं. मग मेल "सर, अमुक लिस्टमार्फत" असा दिसतो आणि त्यावर तुमच्या डोमेनची सही असते, ती जुळते. तोटा एवढाच की काही मेल प्रोग्राम लिस्टचा पत्ता सरांच्या नावाने सेव्ह करून ठेवतात, आणि मग एखाद्या दिवशी कोणीतरी सरांना खासगी म्हणून लिहिलेलं सगळ्या बॅचला वाचायला मिळतं. हे होणार, आधीच सांगून ठेवा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो पण लोक ऐकत नाहीत. मेलला हातच लावू नका. सब्जेक्टमधला कंस काढा, शेपूट काढा, मेल जसा आला तसा पुढे पाठवा, सही शाबूत राहते. कर्नलच्या लिस्ट असंच करतात. लिस्ट सोडायची लिंक मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वरच्या लपलेल्या माहितीत, देता येते, १९९८ पासून त्याचं स्टँडर्ड आहे, जीमेल त्यावरूनच वरती अनसबस्क्राइबचं बटन दाखवतं. पण कंस काढला की चार जण ओरडतात की आमचे फिल्टर चालेनात, आणि कमिटी माघार घेते. लिस्ट-आयडी नावाचा हेडर असतो, त्याच्यावर फिल्टर लावा म्हणावं.

हे केल्यावर ज्यांची मेंबरशिप बंद पडलीय ती हाताने चालू करून द्या, ती आपोआप होत नाही.

प्रश्न (सोलापूर): मी निवृत्त प्राध्यापिका आहे, बोलीभाषेवर चर्चेची मेलिंग लिस्ट चालवते. दोन त्रास आहेत. मराठीतला जरा मोठा मेल आला की "मॉडरेटरच्या मंजुरीसाठी थांबवला आहे" असं होतं, इंग्रजीतला तेवढाच मेल जातो. आणि अर्काइव्हमध्ये शोधलं की समोर दिसत असलेला शब्दसुद्धा सापडत नाही.

उत्तर: मॅडम, पहिल्याचं उत्तर गणितात आहे. मेलमॅनमध्ये एका मेलची मर्यादा मुळात ४० केबी ठेवलेली असते. इंग्रजीचं एक अक्षर एक बाइट, म्हणून ४० केबी भरपूर वाटते. देवनागरीचा एक कोड युनिकोडमध्ये तीन बाइट घेतो, आणि काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. वर मेलमधून जाताना ते बेस-६४ मध्ये बांधलं तर तिनाचे चार होतात, आणि दुसरी एक पद्धत आहे कोटेड-प्रिंटेबल, तिच्यात तर तिनाचे नऊ! म्हणजे ४० केबीत साडेचार हजार काना-मात्रा-अक्षरं. त्यातून जीमेलसारखे प्रोग्राम तोच मजकूर दोनदा पाठवतात, एकदा साधा आणि एकदा एचटीएमएल, आणि खाली मागच्या चार उत्तरांचं शेपूट असतंच. चार परिच्छेदांत मर्यादा संपते. सेटिंगमध्ये ती ३०० केबी करा आणि मजकुरातून एचटीएमएल काढायचा पर्याय चालू करा. फोटो येत असतील तर आणखी वाढवावी लागेल.

दुसऱ्याला तीन कारणं असू शकतात आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही असतील. एक म्हणजे या सर्चला मराठीचं व्याकरण येत नाही. "वड" शोधलं तर "वडाच्या", "वडाला" सापडेलच असं नाही, कारण त्याच्या लेखी ते वेगळे शब्द. तुमचा तर विषयच प्रत्ययांचा, तेव्हा मेंबरांना सांगा की मेलच्या शेवटी मूळ शब्द सुटे लिहून ठेवायचे, म्हणजे सापडतील. दुसरं कारण जरा चोरटं आहे. "दऱ्या", "किनाऱ्यावर" यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो, एकदा नुक्त्याच्या ऱ पासून आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड घालून. कागदावर दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. कोणता कीबोर्ड आहे त्यावर ठरतं. तुमची लिस्ट चालवणाऱ्याला सांगून इंडेक्स करायच्या आधी सगळे एका तऱ्हेचे करून घेता आले तर उत्तम, नाहीतर दोन्ही तऱ्हांनी शोधून बघा.

तिसरं, २००५-०६ च्या आसपासचे मेल असतील तर बघा की ते युनिकोडमध्ये तरी आहेत का. तेव्हा कितीतरी जण शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये लिहून चिकटवायचे, तो फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरांची भेळ उरते. ती कन्व्हर्टरने परत मराठीत येते, फॉन्ट कोणता होता तेवढं ओळखावं लागतं. आणि जुन्या मेलमॅनच्या अर्काइव्हमध्ये जिथे नुसती प्रश्नचिन्हं दिसतात तिथे घाबरू नका, लिस्टची भाषा इंग्रजी ठेवली की ते वेबपान बनवताना देवनागरी खाऊन टाकायचं, पण मूळ एमबॉक्समध्ये बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो. सर्व्हर बदलताना वेबपानं कॉपी करून आणणारे महाभाग असतात, त्यांना एमबॉक्स आणायला सांगा.

प्रश्न (मुंबई): अर्काइव्ह सगळ्यांना उघडं ठेवावं की फक्त मेंबरांना? एका मेंबरने आठ वर्षांपूर्वीचा स्वतःचा मेल काढून टाका म्हणून तगादा लावलाय. आणि कोणी काही वाह्यात लिहिलं तर ॲडमिन म्हणून माझ्यावर केस होईल का?

उत्तर: विषय ज्ञानाचा असेल तर उघडं, माणसांचा असेल तर बंद. झाडं, भाषा, रेल्वे, प्रोग्रामिंग उघडं ठेवा, त्याचा फायदा लिस्टबाहेरच्या लोकांनाच जास्त होतो. आजारपण, सोसायटीची भांडणं, माजी विद्यार्थी बंद. उघडं असलं तरी दोन पथ्यं. सहीत मोबाईल नंबर असतो तो घालू नका असं पहिल्याच मेलमध्ये सांगायचं. आणि वर नाशिककरांनी विचारलंय त्यांनीही हे वाचावं, दुर्मिळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण उघड्या अर्काइव्हमध्ये टाकू नका. अंजनेरीवरच्या सेरोपेजियासारखी मोजक्या जागी उरलेली गोष्ट असेल तर तालुका पुरे, आणि फोटोतलं जीपीएस काढून टाका, तो फाइलमध्ये लपलेला असतो.

आठ वर्षांपूर्वीच्या मेलचं. काढा, वाद घालू नका, पण कसं काढता ते महत्त्वाचं. मेलमॅन टूच्या अर्काइव्हमध्ये मेलना ओळीने नंबर असतात. एमबॉक्समधून एक मेल उडवून अर्काइव्ह परत बनवलं की त्याच्या पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि आठ वर्षांत लोकांनी दिलेल्या लिंक भलत्याच मेलवर जातात. म्हणून मेल ठेवायचा, आतला मजकूर आणि नाव पुसून "लेखकाच्या विनंतीवरून काढला" एवढी ओळ लिहायची. हायपरकिट्टीत हा त्रास नाही, तिथे प्रत्येक मेलची लिंक त्याच्या मेसेज-आयडी या स्वतंत्र ओळखीवरून बनते, एक काढला तरी बाकीच्या हलत नाहीत. त्या मेंबरला हेही सांगा की उत्तर देणाऱ्यांनी खाली त्याचा मजकूर कोट केलेला असेल तो शोधावा लागेल, आणि लोकांच्या इनबॉक्समध्ये गेलेल्या प्रती परत आणता येत नाहीत.

केसचं म्हणाल तर मी वकील नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सॅप ॲडमिनबद्दल म्हटलं होतं की दोघांचा मिळून तसा इरादा नसेल तर मेंबरच्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येणार नाही. पण ते व्हॉट्सॅपबद्दल होतं. तुमचं अर्काइव्ह तुमच्या डोमेनवर जगाला दिसतंय, तेव्हा तक्रार आली की लगेच बघणारा एक पत्ता ठेवा आणि नवीन मेंबरचे पहिले दोन-तीन मेल मॉडरेशनमध्ये ठेवा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): रिप्लाय दाबल्यावर उत्तर लिस्टला जावं की पाठवणाऱ्याला? यावरून आमच्यात दोन तट पडलेत.

उत्तर: हे भांडण तुमच्या आधी निदान पंचवीस वर्षं चालू आहे. चर्चेची लिस्ट असेल तर लिस्टला. घोषणांची असेल तर पाठवणाऱ्याला. आणि "धन्यवाद", "अभिनंदन", "+१" हे सगळ्यांना पाठवणाऱ्यांवर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही, त्यांना दिवसाचा एकच एकत्र मेल जाईल असं डायजेस्ट लावून द्या, उत्साह आपोआप कमी होतो.

प्रश्न (अटलांटा, अमेरिका): आमच्या इथल्या मराठी लोकांचा याहू ग्रुप होता, २००१ पासूनचा. गणपती, एकांकिका, नवीन आलेल्यांना घर शोधून देणं, सगळं त्यात. कोणीच उतरवून घेतला नाही. आता काही करता येईल?

उत्तर: वेबवरचं गेलं, पण मेल हे मेलच होते, ते प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये आले होते. कोणी ना कोणी काहीच डिलीट न करणारा असतोच, अशी तीन-चार माणसं शोधा, जुन्या कार्यकारिणीपासून सुरुवात करा. त्यांना याहूग्रुप्स.कॉम हा शब्द टाकून शोधायला सांगा. जीमेल असेल तर त्या मेलना एक लेबल लावून टेकआउटमधून फक्त ते लेबल उतरवता येतं, एमबॉक्सच येतो. जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम असेल तर त्यातूनही एमबॉक्स निघतो, एक ॲड-ऑन लागतो. मग सगळ्यांच्या फाइली एकत्र करून मेसेज-आयडीवरून डुप्लिकेट काढायचे. प्रत्येक मेलचा तो वेगळा असतो आणि चौघांकडच्या प्रतींत एकच असतो, त्यामुळे हे काम स्क्रिप्टने होतं, हाताने करायची गरज नाही. शेवटी हायपरकिट्टीची इम्पोर्ट कमांड, आणि ग्रुप तारखेवार परत उभा.

चाळणी मात्र माणसाने मारायची. कोणाचा घटस्फोट, कोणाचा व्हिसा, कोणाचा घरचा पत्ता, हे तेव्हा दीडशे ओळखीच्या लोकांत लिहिलेलं होतं. आधी मेंबरांपुरतं बंद ठेवा, जे सापडतील त्यांना विचारा, आणि फक्त कार्यक्रमांचे मेल हवे तर नंतर उघडे करा. ज्यांच्या आई-वडिलांचे मेल आहेत आणि ते आता नाहीत अशा मुलांनाही विचारा, बऱ्याच जणांना ते वाचायचे असतात.